"बॉल बघ" म्हणतात, पण नक्की कुठे बघायचं?

"बॉल बघ रे, बॉल बघ!" सकाळी शिवाजी पार्कला एक फेरी मारा, कुठल्या ना कुठल्या नेटमधून हे ऐकू येणारच. कोच ओरडतो, पोरगं मान डोलावतं आणि पुढच्याच बॉलला परत दांडी गुल. आता ते पोरगं काय डोळे मिटून खेळत होतं का? बघतच होतं की.

जरा हिशोब करू. ताशी १४० किलोमीटर स्पीडचा बॉल हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. डोळ्याने काही बदल टिपला, मेंदूला तो कळला आणि हात हलले, यातच जवळपास ०.२ सेकंद जातात, वर बॅट खाली यायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणजे टप्पा पडू दे, मग ठरवू असं म्हणाल तर तोवर बॉल किपरकडे.

मग वाटतं की इंटरनॅशनल प्लेयरचे रिफ्लेक्सच भन्नाट असणार, आपलं काय. पीटर मॅक्लाऊड नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हेच तपासलं, आणि डोकं काय लावलं बघा, मॅटच्या खाली लाकडाच्या काठ्या ठेवल्या, त्यामुळे टप्पा पडला की बॉल डावीकडे उडणार का उजवीकडे ते कुणालाच सांगता येईना. समोर इंटरनॅशनल लेव्हलचे बॅट्समन. त्यांनाही बॅटची दिशा बदलायला तेवढेच ०.२ सेकंद लागले. म्हणजे आपल्याइतकेच!

मग फरक कशात आहे? २००० साली मॅक्लाऊड आणि मायकल लँड यांनी वेगवेगळ्या लेव्हलच्या तीन बॅट्समनच्या डोक्याला कॅमेरा लावून त्यांची नजर टिपली. बॉल सुटताना नजर बॉलवर असते, पण लगेच ती बॉलला सोडून पुढे उडी मारते, जिथे टप्पा पडणार तिथे, आणि बॉल यायची वाट बघते. रोजच्या प्रवाशाला लोकलचा दरवाजा प्लॅटफॉर्मवर कुठे येणार हे माहीत असतं आणि तो आधीच तिथे जाऊन उभा राहतो ना, अगदी तसं. तिघांचीही नजर उडी मारत होती, पण जो सगळ्यात चांगला बॅट्समन होता त्याची उडी सगळ्यात लवकर.

आता समजा, बॉलरचा एक व्हिडिओ आपण बॉल सुटायच्या आधीच पॉज केला. बॉल अजून हातात आहे. रन-अप, खांदा वगैरे सोडा, फक्त मनगट बघा आणि सीमवरची, म्हणजे बॉलच्या शिवणीवरची बोटं बघा. हा हवेत बाहेर जाणारा आउटस्विंगर आहे का आत येणारा इनस्विंगर? मुरलेले बॅट्समन इथेच बरंचसं ओळखतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस अ‍ॅबरनेथी यांच्यासारख्या संशोधकांनी असेच व्हिडिओ मध्येच तोडून खेळाडूंना विचारलं की बोल, कुठला बॉल येणार, आणि टॉपच्या बॅट्समनची उत्तरं नवख्यांपेक्षा बरीच जास्त बरोबर आली. हे घरीही करता येतं बरं का. मित्र बॉलिंग करताना बॅट्समनच्या मागून मोबाईलवर शूट करा, बॉल सुटतो तिथे थांबवा, लाइन-लेंग्थ, म्हणजे बॉल कुठल्या रेषेत आणि किती पुढे पडणार ते बोला, मग पुढे चालवून बघा. फुकटात होतं.

म्हणून मला ते बॉलिंग मशीन फारसं पटत नाही. स्ट्रोक घोटायला ठीक आहे, पण मशीनला मनगट कुठे असतं? ज्या गोष्टीची प्रॅक्टिस हवी तीच गायब. हल्ली नेट्समध्ये साइडआर्मने, म्हणजे लांब दांड्याच्या चमच्यासारख्या साधनाने बॉल फेकून थ्रोडाऊन देतात त्यात निदान माणसाचा हात तरी समोरून येतो. टीम इंडियाला असे थ्रोडाऊन देणाऱ्या राघवेंद्रला विराट कोहलीने जाहीरपणे क्रेडिट दिलंय ते काय उगीच नाही. आणि ते "ब्रेन ट्रेनिंग"वाले अ‍ॅप, ज्यात स्क्रीनवरचे ठिपके टॅप करायचे असतात, त्यात तुम्ही ठिपके टॅप करण्यात तरबेज होणार हे नक्की, बॅटिंग सुधारते याचा पुरावा मात्र फारच तोकडा आहे.

आपली जुनी माणसं हे सगळं लॅबशिवाय करत होती. ऑस्ट्रेलियाचा डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावात पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बांधकामावर गोल्फचा बॉल आपटून तो स्टंपने मारायचा, आणि बॉल परत कसा येईल याचा काही भरवसा नसायचा. मुंबईत १९४८ पासून कांगा लीग ही क्लब क्रिकेटची स्पर्धा चालते, ऐन पावसाळ्यात, विकेट ओली, एक बॉल बसतो आणि पुढचा नाकापर्यंत उडतो. १९९८ ला ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर शेन वॉर्न येणार म्हटल्यावर सचिनने चेन्नईत माजी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला लेग स्टंपबाहेरच्या रफमध्ये, म्हणजे उखडलेल्या जागेत बॉल टाकायला लावले, पुन्हा पुन्हा, कारण डोळ्यांना ते टप्पे आणि ती वळणं आधीच ओळखीची व्हायला हवी होती. चेन्नई टेस्टच्या पहिल्या इनिंगमध्ये वॉर्ननेच त्याला ४ वर काढलं. दुसऱ्या इनिंगमध्ये नाबाद १५५.

आणि डोळेच नसतील तर? ब्लाइंड क्रिकेटमध्ये प्लास्टिकच्या बॉलमध्ये छर्रे असतात, बॉलिंग अंडरआर्म, आणि पिचच्या मध्याच्या आधी बॉलचा टप्पा पडलाच पाहिजे. बॉलर विचारतो, "रेडी?" बॅट्समन "यस" म्हणतो, मग "प्ले" म्हणत बॉल सुटतो. पूर्ण अंध बॅट्समन तो खुळखुळाट ऐकून लाइन पकडतो आणि बरेचदा स्वीप मारतो, कारण जमिनीलगत येणाऱ्या बॉलला आडवी बॅट जास्त जागा कव्हर करते. त्याने काढलेले रन्स डबल धरतात. २०१२, २०१७ आणि २०२२, तिन्ही वेळा ब्लाइंड टी-ट्वेंटी वर्ल्ड कप भारतानेच जिंकलाय. या मॅचचे व्हिडिओ मिळतात ऑनलाइन. हेडफोन लावा, पहिली ओव्हर स्क्रीन न बघता ऐका आणि ऑफला आला का लेगला ते सांगून दाखवा.