साखर उतरल्याचं सांगणारा कुत्रा कसा निवडावा

मधुमेही मालकाची साखर उतरली की वासावरून इशारा देणारा कुत्रा घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न जातीचा येतो. लॅब्रॅडॉर की पूडल? हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. रक्तातली साखर उतरली की श्वासाचा आणि घामाचा वास बदलतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली टाइप १ मधुमेह असलेल्या आठ स्त्रियांचा श्वास तपासला, तेव्हा साखर कमी असताना त्यात आयसोप्रीन हा घटक वाढलेला आढळला. वास ओळखायला बहुतेक निरोगी कुत्रे शिकतात. पग, बुलडॉग असे चपट्या नाकाचे मात्र टाळा. त्यांना श्वास घेतानाच धाप लागते, हुंगणार कधी? खरं कठीण काम पुढचं आहे. रात्री गाढ झोपेतून उठायचं, मालक झोपेत हात झटकत असतानाही पंजा मारत राहायचं. निवड करायची ती या चिकाटीची.

पिल्लाच्या सातव्या-आठव्या आठवड्यातल्या स्वभावाच्या चाचण्यांवर मी फार विसंबणार नाही. वर्ष-दीड वर्षाचा कुत्रा पाहा. भोकं पाडलेल्या डब्यात खाऊ ठेवून झाकण घट्ट लावा आणि दोन मिनिटं गप्प बसा. एखादा कुत्रा कंटाळून आडवा होतो, एखादा डबा चावत सुटतो. आपल्याला हवा तो डब्याशी झटापट करून तुमच्याकडे येणारा, हाताला नाक लावणारा आणि पुन्हा डब्याकडे जाणारा. मग दोनेक मीटरवर स्टीलचं भांडं पाडा. दचकला तर चालेल, पण काही सेकंदांत सावरून त्यानं ते हुंगायला यायला हवं. कोपऱ्यात जाऊन बसला, तर गर्दीत त्याला न्यायचं कसं? कंबरेच्या आणि कोपराच्या सांध्यांचे एक्स-रे, डोळे आणि हृदयाची तपासणी आधीच उरका. प्रशिक्षणाला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो.

नमुने ज्या माणसासाठी कुत्रा आहे त्याचेच घ्या. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की निर्जंतुक कापसाचा बोळा काही क्षण तोंडात धरायचा, झाकणाच्या काचेच्या बाटलीत टाकायचा आणि लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. साखर ५४ च्या खाली असेल तर नमुना विसरा, आधी ग्लुकोज. बाटली फ्रीझरमध्ये ठेवा.

घोळ होतो तो इथेच. कमी साखरेचे सगळे नमुने रात्रीचे आणि ठीक साखरेचे दिवसाचे असले, तर कुत्रा टूथपेस्टचा वास शिकतो. एकच बाटली वारंवार हाताळली गेली, तर तो तुमच्या बोटांचा वास शिकतो. म्हणून साखर ठीक असतानाचे नमुनेही त्याच कापसाचे, तशाच बाटलीतले आणि वेगवेगळ्या वेळांचे हवेत. परीक्षेत एकानं बाटल्या मांडून खोलीबाहेर जायचं. कुत्रा धरणाऱ्याला त्यांची जागा माहीत नको. अधूनमधून एकही कमी साखरेची बाटली न ठेवता फेरी घ्या. त्या फेरीत खाऊसाठी खोटा इशारा देणारा कुत्रा लगेच उघडा पडतो.

घरीही हाच नियम: कुत्र्यानं इशारा दिला की आधी मीटरवर साखर मोजा, मग खाऊ. फक्त अंगावर लावलेल्या, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरवर विसंबून कुत्र्याला खोटं ठरवू नका. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. बोटाला टोचून पाहा. आकडा ठीक असला तरी पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा.

अपेक्षा किती ठेवाव्यात? २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात २७ कुत्र्यांनी साखर उतरल्याचं ओळखण्याचं मध्यक प्रमाण (निम्म्या कुत्र्यांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी) ८३ टक्के होतं. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात ओळखण्याचं प्रमाण ३६ टक्केच होतं, आणि तिथल्या इशाऱ्यांपैकी जेमतेम १२ टक्के खरे ठरले. कुत्र्या-कुत्र्यांत आणि अभ्यासा-अभ्यासांत एवढा फरक पडतो. म्हणून तयार कुत्रा घेताना त्याचे व्हिडिओ मागू नका, वही मागा: प्रत्येक इशाऱ्याची वेळ, मीटरचा आकडा आणि मुख्य म्हणजे हुकलेल्या वेळा. हुकलेल्यांचा रकाना कोरा असेल तर ती वही ठेवलेलीच नाही असं समजा. कुत्रा घरी आल्यावरही सेन्सरचा गजर चालूच राहू द्या. कुत्रा आजारी पडतो, दमतो, झोपतो.

जाता जाता एक. मधुमेही घरात बिनसाखरेच्या गोळ्या आणि च्युइंगगम असतात. त्यातल्या अनेकांत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल कुत्र्याला विषारी आहे, थोडंसंही त्याची स्वतःची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. त्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवा.