आगोटीत वेळही भरून ठेवा
(मंडळाच्या मेळाव्यात ख्रिस्ती तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, इथे परदेशात मोठ्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टात येतात आणि नेमके तेव्हाच तुम्ही आजोळी पोहोचता: वसई, कोर्लई, वेंगुर्ले, सावंतवाडी. होड्या वर ओढलेल्या, रस्त्यावर पाणी, घरात कोंडी. त्यात ताप आला की वेगळी खोली. २०२० साली तर पावसाआधीच दारं बंद झाली. १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला, आणि ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर वीज आणि नेटवर्क दोन्ही नेलं. फक्त मोबाइलवरच्या उपासनेवर विसंबलेल्याची अशा वेळी पंचाईत होते.

कोकणात यावर आगोट आहे. तांदूळ, लाकडं, सुकट, सोडे मे महिन्यातच भरून ठेवायचे, कारण पाऊस लागल्यावर सुकट वाळत नाही. वेळेचंही तेच. कोंडलेल्या सकाळी ‘आज काय करू’ म्हणत बसलात तर उत्तर सुचण्याआधी हातात फोन असतो. म्हणून निघण्यापूर्वीच कागदावर लिहा: काय वाचायचं, कुठे बसून, कोणत्या वेळी. एका बैठकीला वीस मिनिटं पुरेत. दोन तासांचा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो.

बायबल उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, सरळ वाचायला घेणारे बरेचजण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात. तिथे गोष्ट थांबते आणि अर्पणांचे नियम सुरू होतात. त्यापेक्षा शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, घ्या. चारही मिळून ८९ अध्याय आहेत. रोज तीन वाचले तर महिन्यात होतात. करोनातल्यासारखं चौदा दिवसांचं विलगीकरण पुन्हा आलंच तर मार्कचं शुभवर्तमान बेतशीर, १६ अध्याय. रोज एक, आणि अंगात ताकद आल्यावर शेवटचे दोन दिवस दोन-दोन. स्तोत्रं रोज पाच घेतली तर तीस दिवस लागतात, पण ११९ व्याला स्वतंत्र दिवस द्या. त्याच्या १७६ ओव्या, म्हणजे वचनं, आहेत. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, खूण पुढे सरकवा. थकबाकी साठली की वाचन कायमचं सुटतं.

बायबल छापील हवं. फोनवर वचनाच्या मध्येच मेसेज येतो. ते भिंतीला टेकवून मात्र ठेवू नका; भिंत ओलावते, पानं बुरशी धरतात. आणि वाचा मोठ्याने. जोडाक्षरं अडखळली तर आजी दुरुस्त करील, त्यात लाज कसली? फादर थॉमस स्टीफन्स यांचं १६१६ साली छापलेलं ख्रिस्तपुराण हे मराठी महाकाव्यसुद्धा ओवीबद्धच आहे, कानाने ऐकावं असं.

संध्याकाळी पाच नावांची यादी काढा: एकटे राहणारे, आजारी, भांडण झालेला चुलतभाऊसुद्धा. रोज एकाला फोन, आधी औषधं आहेत का ते विचारा, प्रार्थना नंतर.

आता खरं काम, जे फक्त तिथे बसूनच होतं. वसईतल्या आजीची सामवेदी बोलीतली गाणी, कोर्लईच्या आजोबांची पोर्तुगीज वळणाच्या बोलीतली प्रार्थना, हे रेकॉर्ड करा. पत्र्याखाली बसलात तर पावसाशिवाय काही ऐकू येणार नाही. आतली खोली घ्या, पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाकून घडी घातलेल्या चादरीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून घ्या. दहा मिनिटांचे तुकडे करा, मोठी फाइल पाठवताना अडकते. ‘जुनी प्रार्थना म्हणा’ असं विचारलं तर पुस्तकातली पाठ प्रार्थनाच मिळते. त्याऐवजी विचारा: लग्नाच्या आदल्या रात्री काय म्हणायचे? माणूस गेल्यावर घरात काय म्हणायचे? आजी मध्ये थांबल्या तर बोलू नका. बहुतेक वेळा पुढची ओळ त्या आठवत असतात.

आधी परवानगी विचारायची, आणि निघताना एक प्रत पेन ड्राइव्हवर त्यांच्याच घरी ठेवायची.