कार्टिंगचा नाद, खिशाला झेपेल असा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्निंग-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. संध्याकाळी मशीन बंद करून हात धूत असतो, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी एखादं पोरगं दारात येऊन उभं राहतं. कधी एकटं, कधी वडिलांना घेऊन. प्रश्न ठरलेला असतो. "काका, रेसिंगची कार्ट घ्यायचीय, कितीला पडेल?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. घेऊ नकोस. आधी वर्षभर भाड्याच्या कार्टमध्ये बस.

आज त्याच उत्तराबद्दल सविस्तर बोलायचं आहे. कार्ट म्हणजे जमिनीलगत पळणारी, एकाच माणसाची छोटी उघडी गाडी. कार्ट रेसिंग म्हणजे बड्या घरच्या पोरांचा खेळ, असं आपल्याकडं डोक्यात पक्कं बसलंय. वरच्या पायऱ्यांवर ते खरंही आहे. पण खालच्या दोन पायऱ्या नोकरदाराला, वर्कशॉपवाल्याला, चार एकर ऊस असलेल्या शेतकऱ्याला चढता येतात. फक्त पैसा कुठं घालायचा आणि कुठं अजिबात घालायचा नाही, एवढं आधी कळलं पाहिजे.

या खेळाचा जन्मच मुळी वर्कशॉपमधला. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथं आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं साध्या पाइपांची चौकट वेल्ड केली आणि तिला गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं. हा माणूस रेसिंगच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्या चौकटीला ना स्प्रिंग होती, ना दरवाजा, ना छत. आजची कार्टसुद्धा मुळात तशीच आहे. भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक कार्टना फोर स्ट्रोक इंजिन असतं, होंडाचं जीएक्स किंवा त्याच जातीचं. शेतकरी मंडळींना ते दाखवायला नको. पाण्याच्या पंपावर आणि पॉवर वीडरवर ते त्यांनी दोरी ओढून शंभरदा सुरू केलंय.

आता या गाडीची एक खुबी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बैलगाडीची दोन चाकं आसावर आपापली सुटी फिरतात. मोटारीला डिफरन्शियल असतं, त्यामुळं वळणावर आतलं चाक हळू फिरतं आणि बाहेरचं जोरात. कार्टला यातलं काहीच नाही. मागचा एक्सल एकसंध, दोन्ही चाकं त्याला आवळलेली, म्हणजे दोन्ही एकाच वेगानं फिरणार. वळणावर आतल्या चाकाला अंतर कमी कापायचं असतं, पण ते ऐकत नाही आणि घासत जातं. यावर उपाय एकच, वळताना मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंगची रचनाच अशी असते, की ते फिरवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं आणि मागचं आतलं हलकं होतं. कोपऱ्यावर उभं राहून जमिनीलगत नजर लावली, तर चांगल्या चालकाचं चाक बोटभर उचललेलं दिसतं. नवख्याचं उचलत नाही. तो स्टिअरिंगशी झोंबत राहतो, टायर किंचाळतात, आणि त्याला वाटतं आपण लई जोरात चाललोय.

हे अंगात मुरायला ट्रॅकवर बसावं लागतं. दहा मिनिटांच्या एका फेरीला काही शे रुपये लागतात. रेसिंगची नवी टू स्ट्रोक कार्ट इंजिनासकट घ्यायची तर काही लाख जातात, आणि ती घेऊन पहिल्या दिवशी तुम्ही नवखेच असता. तेवढ्या पैशात भाड्याच्या किती फेऱ्या होतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. आपल्या गावाला हे पटायला हरकत नाही. तालमीत नवा पोरगा आला, तर वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो. भाड्याची कार्ट ही ती माती आहे. जड, कमी ताकदीची, कुणीही कशीही चालवलेली. तिच्यावर ज्याला लय सापडली त्याला हलकी रेसिंग कार्ट जमते. उलट्या क्रमानं आलेलं मी तरी कुणी बघितलेलं नाही.

ती दहा मिनिटं मात्र वाया घालवू नका. बहुतेक जण मित्रांना गाठायच्या नादात निम्मा वेळ घालवतात. माझी पुतणी सुरुवातीला हेच करायची. मग तिला एक शंभर पानी वही दिली आणि नियम केला, एका फेरीत एकच गोष्ट करायची. आज फक्त ब्रेक. साध्या कार्टला ब्रेक मागच्याच चाकांना असतो. स्टिअरिंग वळवलेलं असताना तो जोरात दाबला, की गाडी मागून फिरते. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी, एकदाच आणि ठाम. आणि तो डाव्या पायानं मारायचा, उजवा पाय फक्त ॲक्सिलरेटरसाठी. दोन्ही पेडल एकदम दाबायची नाहीत. पुढच्या रविवारी फक्त रेषा. वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला टेकायचं, परत बाहेर सुटायचं, आणि ती टेकायची जागा वाटते त्यापेक्षा जरा उशिरा ठेवायची. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त नजर. समोरच्या गाडीच्या बंपरकडं न बघता पुढच्या वळणाकडं बघायचं. फेरी संपली की ट्रॅकच्या प्रत्येक चकरेला किती वेळ लागला, त्याचा कागद ट्रॅकवाल्याकडून मागून घ्यायचा. त्यातली सगळ्यात जलद वेळ ती कधी लिहीत नाही. जलद आणि संथ यांच्यातलं अंतर लिहिते. पहिल्या दिवशी ते अंतर चार सेकंदांचं होतं. सहा महिन्यांनी अर्ध्या सेकंदावर आलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याशी गाडी घेण्याविषयी बोललो.

कोल्हापुरात या खेळाला मुळं आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. इथं मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक झाला आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं भरल्या. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप स्पर्धांमध्ये धावला. कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीच्या मोटार शर्यतींपर्यंत पोचला. कुठल्याही ट्रॅकवर जाण्याआधी फोन करून वेळ आणि दर विचारून घ्या, आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मधल्या वारी गर्दी कमी असते, फेरीत तीनच गाड्या असल्या तर वळणं मोकळी मिळतात. मोठा ट्रॅक बघायचा असेल तर चौघांनी मिळून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरावी आणि सकाळी मुंबईत उतरून तिथला ट्रॅक गाठावा. वर्षातून दोनदा एवढं पुरतं.

आता अंगावरच्या सामानाचं. इथं काटकसर करू नका. गाडी भाड्याची, जुनी, उसनी चालेल, हेल्मेट स्वतःचं हवं. पूर्ण चेहरा झाकणारं, डोक्याला घट्ट बसणारं, आणि कधीही न पडलेलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून अखंड दिसतं, पण आतला थर दबलेला असतो, म्हणून जुनं हेल्मेट कुणाकडून विकत घेऊ नका. अंगभर कपडे, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे. गळ्यात ओढणी, मफलर, सुटे केस काहीही नको. मागचा एक्सल आणि साखळी उघडी फिरत असते, हे आयांनी आणि बहिणींनी विशेष ध्यानात घ्यावं.

आणि बरगड्यांचं जॅकेट. हे नसलं तर काय होतं ते मी सोसलंय. मित्राची टू स्ट्रोक कार्ट पहिल्यांदा चालवली, तेव्हा जॅकेट घातलं नव्हतं. कुठं धडक नाही, काही नाही. फायबरच्या सीटची कड प्रत्येक उजव्या वळणाला डाव्या कुशीत दाबत होती, एवढंच. पंधराव्या चकरेला श्वास घेताना टोचल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये बरगडीला बारीक चीर निघाली. सहा आठवडे मी लेथवर वाकू शकलो नाही, आणि घरातल्यांना शिंकेचीसुद्धा धास्ती होती. जॅकेटची किंमत त्या सहा आठवड्यांच्या बुडालेल्या कामापुढं काहीच नव्हती.

वर्षभर बसून झालं, वहीतलं अंतर कमी झालं, तरीही ओढ टिकली असेल, तर मग गाडीकडं वळा. नवी नको, जुनी. एकट्यानं नको, तिघांनी मिळून. आणि फोर स्ट्रोक. टू स्ट्रोकला ताकद जास्त, सिनियर गटातली रोटॅक्स इंजिनाची १२५ सीसीची कार्ट ताशी शंभराच्या वर जाते. पण तिला पेट्रोलमध्ये मोजून ऑइल मिसळावं लागतं, ठरावीक तासांनी इंजिन खोलावं लागतं, आणि मऊ रेसिंग टायर तर बघता बघता संपतात. फोर स्ट्रोकचं ऑइल वेळेवर बदललं तर ते बिचारं मुकाट चालत राहतं.

जुनी गाडी बघताना इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. इंजिन दुरुस्त होतं. चेसिस, म्हणजे पाइपांची चौकट बघा. पुतणीसाठी एक कार्ट घ्यायची ठरली, फोटोत देखणी होती, लालभडक रंग मारलेला. विकणाऱ्यानं सांगितलं, एकदाही ठोकलेली नाही. बयाणा देण्याआधी मी ती वर्कशॉपला आणायला लावली. सीट, टायर, एक्सल सगळं उतरवलं आणि नुसती चौकट सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या अगदी सपाट पाटावर ठेवली. हाइट गेज घेऊन चारी कोपऱ्यांची उंची मोजली. पुढची डावी बाजू ४ मिलिमीटर वर. मग पालथी घातली. खालचे पाइप जमिनीला घासून चपटे झाले होते, अंगठा फिरवला की कळत होतं. डाव्या स्पिंडलजवळ, म्हणजे पुढचं चाक बसतं त्या दांड्याजवळ, रंग जरा जाड वाटला म्हणून पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, तर खाली वेल्डिंगचा ओबडधोबड टाका, आणि त्याच्यावर मजबुतीसाठी जोडलेली पट्टी. लोकांना वाटतं पट्टी मारली म्हणजे गाडी भक्कम झाली. कार्टला स्प्रिंग नसते, तीस-बत्तीस मिलिमीटरचे ते पाइपच पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करतात. मघाशी सांगितलं ते आतलं चाक उचलणं, ते या पिळावरच चालतं. एका बाजूला पट्टी मारली की गाडी उजवीकडं एक तऱ्हेनं वळते आणि डावीकडं दुसऱ्याच. ती गाडी मी परत पाठवली. तुमच्याकडं सरफेस प्लेट नसेल तर उद्यमनगरात कुणालाही विचारा, चहाच्या पैशात मोजून देतील. फाउंड्री, टर्नर, वेल्डर, शीटमेटल सगळं या गावात हाकेच्या अंतरावर आहे. जे पार्ट दुसऱ्या शहरातली माणसं बाहेरून मागवतात, त्यातले बुश, स्पेसर, हब आणि स्प्रॉकेट आपण इथंच करून घेऊ शकतो. ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा पार्ट मात्र कधीही घरी बनवू नका, तो कंपनीचाच घ्या.

टायरमधल्या हवेबद्दल एक सांगून ठेवतो. मोटरसायकलच्या अंदाजानं पंचवीस-तीस पौंड भरू नका. कार्टच्या टायरला साधारण १० ते १५ पौंड हवा लागते, आणि टायर तापला की ती वाढते. शंभर-दोनशे रुपयांचं मीटर आणि एक पौंडाचा फरक एवढ्यावर गाडी बदलते. सुधारणेचा याहून स्वस्त मार्ग नाही.

अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआय, म्हणजे भारतातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांची फेडरेशन, तिचं स्पर्धा लायसन लागतं. अर्ज, वैद्यकीय तपासणी, आणि अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही. त्याआधी ट्रॅकवाल्यांच्या भाड्याच्या गाड्यांच्या शर्यती खेळून घ्या. पिवळा झेंडा दिसला की ओव्हरटेक नाही, निळा दिसला की मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायची, लाल दिसला की शर्यत थांबली. हे तिथं फुकटात अंगवळणी पडतं.

पालकांशी दोन शब्द. रात्री पन्हाळ्याच्या घाटात, हायवेवर, रंकाळ्याच्या रस्त्यावर पोरं गाड्या पळवतात. तुम्ही रागावता, मीही रागावतो. वेगाची ही ओढ रागावून जात नाही. जर्मनीतल्या केर्पेन गावात एका गवंड्यानं आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या पायडलच्या गाडीला छोटं इंजिन बसवून दिलं. मुलानं ती रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर नेऊन आपटली. आईबापांनी गाडी हिसकावली नाही, ते त्याला कार्ट ट्रॅकवर घेऊन गेले. पुढं बाप त्याच ट्रॅकवर कार्ट दुरुस्त करायचा, आई तिथल्या कँटीनमध्ये काम करायची. नव्या टायरना पैसे नव्हते म्हणून दुसऱ्यांनी टाकून दिलेले टायर तो मुलगा लावायचा. त्याचं नाव मायकेल शूमाकर, फॉर्म्युला वनचा विश्वविजेता.

तेव्हा पोरानं घाटाचं नाव काढलं, तर त्याला म्हणा, बुधवारी दुपारी ट्रॅकवर जाऊ. बरोबर हेल्मेट घ्या, पाण्याची बाटली घ्या, एक शंभर पानी वही आणि पेन घ्या. तुम्ही वळणावर उभे राहा आणि मागचं आतलं चाक बघत राहा. ते पहिल्यांदा उचललेलं दिसेल, त्या चकरेचा आकडा वहीत लिहून ठेवा.

नमस्कार.