सहावं ते सहावंच

बसा, बसा. मागच्या रांगेत कूलरच्या आवाजात ऐकू येत नसेल, तर पुढे या, जागा आहे. आज 'नार्निया' या मुलांच्या कादंबरीमालिकेतल्या एकाच पुस्तकाबद्दल बोलायचंय, 'द मॅजिशियन्स नेफ्यू'. सी. एस. लुईसची सात पुस्तकं १९५० ते १९५६, दरवर्षी एक अशी आली. हे १९५५ चं, म्हणजे सहावं. ते सहावंच वाचावं, हे मला आज सांगायचंय.

पण आधी नाव. नेफ्यू म्हणजे पुतण्या की भाचा? इंग्रजीचं भागतं, मराठीत ठरवावंच लागतं. गोष्टीतला मुलगा डिगरी. त्याचे वडील हिंदुस्थानात, आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मायलेक लंडनमध्ये तिच्या भावाबहिणीकडे राहताहेत. म्हणजे अँड्र्यू हा मामा! सुट्टी लागली की ज्याच्याकडे हक्काने जायचं, तो. आणि हा मामा भाच्याच्या मैत्रिणीपुढे गोड बोलून पिवळी अंगठी धरतो. तिने हात लावला की पोर या जगातून गडप. कंस, शकुनी आणि तिसरा हा. (हशा)

आता माझं दुखणं. भाचीच्या दहाव्या वाढदिवसाला मी सीताबर्डीवरून सातही पुस्तकांचा संच आणला. १९९४ पासून इंग्रजी आवृत्त्यांमध्ये कथेतल्या काळाप्रमाणे क्रमांक घालू लागले, त्यामुळे या सहाव्याच्या कण्यावर १ छापलेला. पोरीने १ पासून सुरुवात केली. मे महिना, दुपारची वेळ, ती कूलरसमोर चटईवर पालथी पडलेली, हाताला टरबुजाचा रस. "काय वाचून राहिली गं?" म्हटलं. "दुसरं." म्हणजे कपाटाचं, 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', जे खरं तर पहिलं आलं होतं! मी तिथेच बसलो. ल्यूसी कपाटात शिरते, कोटांमधून वाट काढते, पायाखाली बर्फ लागतो आणि जंगलात मधोमध एकटाच दिव्याचा खांब. ही जागा मला तिच्या चेहऱ्यावर बघायची होती. ती म्हणाली, "तो खांब ना, मामा? तो लोखंडी दांडक्यापासून उगवला. कपाटही त्या सफरचंदाच्या झाडाचंच आहे." आणि पान उलटलं.

मला फार लागलं ते. आपल्या नागपूरच्या झीरो माईलचंच बघा. शाळेत जाताना तो दगडी खांब आणि ते घोडे मी किती वर्षं नुसते बघितले. हे इथे कशाला, हा प्रश्न मनात मुरला, म्हणून ब्रिटिशांनी केलेल्या देशाच्या मोजणीची हकीकत कळली त्या दिवशी मी पुन्हा मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. आधी हकीकत ऐकली असती तर गेलो असतो का?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

लुईसने १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात लिहिलं, की काळाप्रमाणे वाचायचा तुझा क्रम मला पटतो. हे खरं आहे. पण क्रमाने फारसं बिघडत नसावं, असंही त्याच पत्रात आहे. मला वाटतं, बिघडतं. लुईसची आई १९०८ मध्ये कॅन्सरने गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. या पुस्तकात डिगरी अस्लानकडे, म्हणजे नार्नियाच्या सिंहाकडे, आईसाठी औषध मागतो. इतका वेळ तो सिंहाच्या पंजांकडे बघत असतो. मान वर करतो तर सिंहाच्या डोळ्यांत त्याच्याहून मोठी आसवं. हा अस्लान दुसऱ्याच्या चुकीपायी दगडी मेजावर स्वतः मेलेला आपण पहिल्या पुस्तकात पाहिला असेल, तर त्या ओळीशी पुस्तक खाली ठेवावं लागतं. आज भेटलेल्या सिंहाची आसवं तशी पोचत नाहीत. पुढे चेटकीण डिगरीला म्हणते, सफरचंद चोर आणि आईला दे. तो चोरत नाही. मग अस्लान आपण होऊन देतो, आई बरी होते. लुईसची झाली नव्हती.

वेळ संपली. बाहेर टेबलावर माझा संच ठेवलाय. कण्यांवरच्या छापील आकड्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून मी शाईने नवे आकडे घातलेत. न्यायचा असेल तर ते बघून न्या.