एक पाळक, दोन गावं आणि रविवारचे साडेनऊ

नमस्कार मंडळी. सूचनेत आजचा विषय 'पाळक निवडावा कोणी?' असा छापलाय, पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू, आणि मी त्याच विषयावर बोलणार आहे. अध्यक्षांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मी पाहिलंय. पण हा प्रश्न मला का छळतो ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, नगरचा माणूस इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चची भांडणं आम्हाला का ऐकवतोय.

तर मी तिथला चर्चवॉर्डन आहे. म्हणजे काय, तर छपराला गळती लागली की फोन मला येतो. मिरवणुकीत हातात एक काठी धरून पुढे चालायचं असतं, तेवढाच काय तो मान. आणि पाळक निघून गेला की दुसरा येईपर्यंत सगळा गाडा चर्चवॉर्डननीच ओढायचा. आपला गेल्या वर्षीचा गणपती ज्या हॉलमध्ये बसला, त्या हॉलच्या परवानगीवर पाळकाची सही नव्हती, कारण पाळकच नव्हता. सही कोणाची होती, ते मखराच्या थर्माकोलवरून माझ्याशी वाद घालणाऱ्यांनी आठवून पाहावं.

आमचं बेनिफिस, म्हणजे एका पाळकाकडे सोपवलेला भाग, दोन गावांचं आहे. गावांची नावं मी घेणार नाही, कारण दोन्हीकडे अजून मला चहा मिळतो. वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. मध्ये तीन मैल, एकच गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी मागे मागे जायचं. चर्च दोन, पीसीसी म्हणजे चर्चच्या पंच कमिट्या दोन, पाळक एक. तोही गेल्या वर्षी निवृत्त झाला. इथे पाळकांना सत्तराव्या वर्षी थांबावं लागतं, कायदा 1975 पासून तसा आहे. आमचे पाळक त्याच्या बरेच आधी थांबले. त्यांना मासेमारी करायची होती असं ते म्हणाले. खरं कारण साडेनऊ.

रविवारी सकाळी साडेनऊ ही वेळ दोन्ही गावांना हवी असते. आठला म्हातारे येतात, अकरापर्यंत पोरांचं फुटबॉल सुरू होतं आणि दुपारचं भाजणं ओव्हनमध्ये जातं. साडेनऊ ही सोन्याची वेळ. वरचं गाव म्हणतं, आमचं चर्च तेराव्या शतकातलं, आमच्याकडे सहा घंटा, 1662 चं प्रार्थनापुस्तक अजून चालतं, तेव्हा साडेनऊ आमचे. खालचं गाव म्हणतं, तुमच्याकडे डोकी अकरा, आमच्याकडे चाळीस, शिवाय आमच्याकडे हीटर आणि संडास आहे. मी खालचा.

आता पाळकाचा रविवार बघा. साडेनऊला वर उपासना. शेवटचं गीत झालं की दाराशी उभं राहून प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते विचारायचं. मग अंगरखा न काढता गाडीत बसायचं, ट्रॅक्टर, मागे मागे, आणि सव्वाअकराला खाली. म्हणजे वरच्या गावातली कॉफी चुकली. ही कॉफी साधी नव्हे! इंग्लिश चर्चचं खरं राजकारण उपासनेनंतर त्या हिरव्या कपांतून चालतं. लेमन केकचा तुकडा बशीत घेऊन एक बाई हळूच म्हणते, "आपले व्हिकर हल्ली फार घाईत असतात, नाही?" झालं! त्या वाक्यावर माणसं राजीनामे देतात.

कॉफीवरून चहा आठवला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे प्रभृती मंडळी चहाला गेली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं, ते आपण शाळेपासून ऐकतो. ते मिशन अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं होतं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणजे अँग्लिकनांकडचा चहा प्यायला तरी पंचाईत आणि नाही प्यायला तरी पंचाईत, ही परंपरा जुनी आहे. आणि मुंबईकरांनी हसू नये. इतकी वर्षं चर्चगेटला उतरलात, कुठलं चर्च ते किती जणांनी पाहिलं? फोर्टातलं सेंट थॉमस, 1718 चं. तटबंदीचा जो दरवाजा त्या चर्चकडे नेई, तो चर्चगेट. बरं, ते असो.

पाळक गेला की इथे काय होतं ते थोडक्यात सांगतो. 1986 चा पेट्रनेज कायदा आहे. त्याप्रमाणे दोन्ही पीसीसींनी एकत्र बसून आपल्या चर्चची परिस्थिती, गरजा आणि परंपरा कागदावर मांडायच्या, आपले प्रतिनिधी निवडायचे, जाहिरात हवी का ते ठरवायचं. जाणारा पाळक आणि त्याची बायको यांना त्या बैठकीला येता येत नाही. फार शहाणा नियम. मग येतो पेट्रन. हे प्रकरण आपल्याकडे ठाऊक नाही. कोणत्या चर्चसाठी पाळकाचं नाव कोणी सुचवायचं, हा इथे जुना हक्क आहे, वतनासारखा. कुठे बिशपकडे, कुठे राजाकडे, कुठे एखाद्या जमीनदार घराण्याकडे, कुठे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजकडे. पूर्वी हा हक्क उघड विकत मिळे. केंब्रिजच्या चार्ल्स सिमियनने असे हक्क विकत घेऊन विश्वस्तांच्या हाती दिले, म्हणजे आपल्या विचारांचे पाळक नेमले जातील. याच सिमियनचा मदतनीस हेन्री मार्टिन 1806 मध्ये कंपनीचा पाळक होऊन कलकत्त्याला उतरला. तेव्हा हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

आमच्या वरच्या गावाचा पेट्रन एक कॉलेज आणि खालच्याचा बिशप. दोन गावं जोडली तेव्हा ठरलं की आळीपाळीने नाव सुचवायचं. एकदा कॉलेज, एकदा बिशप. कांदेपोह्यांची उपमा कृपा करून कोणी देऊ नका, ती मी प्रत्येक मराठी घरात ऐकलीय. ही विहिरीची पाळी आहे. दोन भाऊ, एक मोटर, सोमवार तुझा, मंगळवार माझा, आणि वीज नेमकी माझ्याच दिवशी जाते. या खेपेला पाळी कॉलेजची होती, त्यामुळे आमच्या गावात आधीच तोंडं वाकडी.

मग तो कागद, पॅरिश प्रोफाइल. वरच्या गावाने लिहिलं, 'परंपरेची जाण असलेला'. म्हणजे 1662. आम्ही लिहिलं, 'कल्पक'. म्हणजे गिटार वाजली तर चालेल. वरच्यांना घराबद्दल एक परिच्छेद हवा होता. त्यांच्याकडची जुनी रेक्टरी, म्हणजे पाळकाचं जुनं घर, चर्चने कधीच विकली, आता तिथे लंडनचा कोणी बँकवाला राहतो आणि त्याचा पोहण्याचा तलाव म्हणे हिवाळ्यातही गरम असतो. पाळकाचं आताचं घर खालच्या गावात, चार खोल्या, गॅरेज, सत्तरच्या दशकातली वीट. ज्या गावात पाळकाचा दिवा दिसतो ते गाव जिंकलं, हे वरच्यांचं दुःख मला कळतं. त्यांनी मला तीन पानं ईमेल पाठवली. मी एका ओळीत उत्तर दिलं, तेही त्यांनी मनाला लावून घेतलं.

आणि घंटा! नवा पाळक रुजू होतो तेव्हा बिशप त्याला आध्यात्मिक जबाबदारी देतो, मग आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी, त्याचा हात धरून चर्चच्या दाराच्या किल्लीवर ठेवतो, आणि पाळक आत जाऊन स्वतः घंटा वाजवतो. जितके टोले, तितकी वर्षं तो राहणार अशी समजूत आहे. अख्खं गाव बाहेर बोटं मोजत उभं असतं. आमची बैठक पाळक मिळायच्या आधी पाऊण तास या मुद्द्यावर चालली की घंटा कोणाच्या चर्चमधली वाजवायची. वरच्यांकडे सहा, आमच्याकडे एक, तीही चिरलेली. पाळकाचा पत्ता नाही आणि आम्ही टोले वाटून घेतोय.

'चर्च टाइम्स'मध्ये जाहिरात गेली. दोन चर्च, निसर्गरम्य परिसर, प्रेमळ माणसं. अर्ज एकही नाही. तोवर शेजारपाजारचे निवृत्त पाळक येऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकरी-द्राक्षारसाचा विधी जो पाळकच करू शकतो, देत होते. एक जण तर ऐंशीच्या पुढचे, उपासना झाल्यावर नोंदवहीत हजेरी लिहिताना चष्मा शोधायचे आणि तो त्यांच्या डोक्यावर असायचा. ज्या रविवारी कोणी मिळत नसे, तेव्हा प्रभुभोजनाशिवाय साधी प्रातःप्रार्थना आम्हीच घ्यायचो. ती बरी व्हायची, हे मी हळूच सांगतो.

अध्यक्ष, दहा मिनिटं? पाच. बरं.

तर मूळ प्रश्न, पाळक निवडावा कोणी. नगरकडे आम्ही लहान असताना पाळकाची बदली व्हायची. आमचं घर एसपीजीचं, म्हणजे अँग्लिकन मिशनचं, शेजारी अमेरिकन मिशनचे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि आम्ही सगळे एका छपराखाली आलो. पण पाळक यायचा तो वरून. बिशपकडून कागद यायचा, टेम्पोत सामान चढायचं, हार, फोटो, रडारड, आणि आठवड्याने दुसरा टेम्पो उतरायचा. तिथेही एका पाळकाकडे दोन-तीन गावं असत. वेळेवरून भांडण होई, पण नवा पाळक वेळ जाहीर करून मोकळा होई, कारण तो आम्ही आणलेलाच नसे. त्याला आमचं काही देणं नव्हतं. आम्हाला तक्रार करायची मुभा होती, निवडायची नव्हती.

इथे आल्यावर मला वाटलं, वा, इथे मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, आवाज आहे. आणि आहेच. दोन्ही गावांच्या प्रतिनिधींनी नकार दिला तर पेट्रनचा उमेदवारही अडतो. पण मंडळीला आवाज असला की प्रत्येक गाव स्वतःपुरता पाळक मागतं, आणि पाळकाला तर दोन्ही गावांत जायचंय. बिशपकडे आणखी एक हत्यार असतं. पेट्रनचा हक्क पाच वर्षांपर्यंत स्थगित ठेवून तो स्वतः कोणाला तरी प्रभारी म्हणून नेमू शकतो. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना आता तेच हवंय. भांडून दमलेल्या माणसाला हुकूम बरा वाटतो. नगरच्या टेम्पोची मला आठवण येते ती अशीच. पण तसा पाळक आला की दोन्ही गावं त्याला पाहुणा समजतात, हेही मी पाहिलंय.

माझं म्हणणं असं, आणि ते इथल्या सुधारकांना आवडत नाही: तो जुनाट, वतनदारी पेट्रन राहू द्यावा. कारण तो लांबचा असतो. जाहिरात फसल्यावर बिशप, पेट्रन आणि दोन्ही पीसीसी अशी संयुक्त बैठक झाली. कॉलेजकडून एक बाई आल्या होत्या. त्यांना आमची गावं नकाशावर शोधावी लागली असणार. अर्धा तास परंपरा आणि कल्पकता ऐकून घेतल्यावर त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "पहिल्या रविवारी साडेनऊला तुमचा पाळक नक्की कुठे असेल?" खोलीत कोणी बोलेना. बिशपने विचारलं नव्हतं, कारण त्याला दोन्हीकडून पॅरिश शेअरचे, म्हणजे गावच्या चर्चने वर द्यायच्या वर्गणीचे, पैसे यायचे असतात. आम्ही विचारलं नव्हतं, कारण उत्तर आम्हाला नको होतं. जाहिरात वाचणाऱ्या प्रत्येकाने मात्र तो प्रश्न मनात विचारला असणार आणि उत्तर न दिसल्यावर पान उलटलं असणार.

आता एक नियमाची गोष्ट घाईत सांगतो. 1604 च्या नियमांपासून प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी उपासना व्हावी असं बंधन होतं. 2019 मध्ये सिनडने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, ते सैल केलं. आता अनेक चर्चेसच्या बेनिफिसमध्ये मिळून एका ठिकाणी झाली तरी चालतं. म्हणजे दर रविवारी दोन्हीकडे धावण्याची सक्ती कायद्याने उरलेली नाही, ती फक्त आमच्या हट्टाने उरली आहे. कॉलेजच्या बाईंनी हे आम्हाला सांगितलं. आमच्या दोन्ही पीसीसींत हे कोणाला माहीत नव्हतं की माहीत असून गप्प होते, त्यात मी जात नाही.

त्या दिवसानंतर नवं प्रोफाइल झालं. पहिल्या पानावर निसर्ग नाही, वेळापत्रक आहे. पहिला रविवार, साडेनऊ वर, आणि पाळक तिथे कॉफीला थांबेल. खाली त्या दिवशी प्रातःप्रार्थना, ती गावकरीच घेतील. दुसरा उलटा. तिसरा पहिल्यासारखा. चौथ्याला दोन्ही मंडळ्या एकत्र, आलटून पालटून. एवढ्या चार ओळींसाठी पाच बैठका झाल्या आणि एका गृहस्थांनी चर्च बदललं. नव्या जाहिरातीची मुदत अजून संपायची आहे, तेव्हा अर्ज किती आले ते विचारू नका. आणि ज्या महिन्यात पाचवा रविवार येतो त्याचं काय करायचं, त्यावर दोन्ही पीसीसींची बैठक येत्या मंगळवारी वरच्या गावात आहे. खालच्या गावाने जागेला हरकत घेतली आहे.