अराराटहून तार्तूला

मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर रोडवर, एक आर्मेनियन चर्च आहे. १७९६ सालचं. शेजारच्या इमारतीचं नाव ‘अराराट’. तुमच्यापैकी कित्येकजण त्यावरून शेकडो वेळा गेले असतील. आपल्याकडे आर्मेनियन आले ते व्यापारापायी. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात मात्र त्यांचं नाव झालं ते विद्यार्थी म्हणून, आणि ती गोष्ट खऱ्या अराराट पर्वतावर सुरू होते.

१८२९ साली फ्रीडरिश पारोट नावाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक डोरपाटहून, म्हणजे एस्टोनियातल्या आजच्या तार्तूहून, अराराट चढायला निघाले. आर्मेनियातल्या एचमियाद्झिनच्या मठातून त्यांना दुभाष्या मिळाला, खाचातुर अबोव्यान. वय जेमतेम विशीचं. मठातली श्रद्धा अशी, की बायबलातल्या नोहाची नौका शिखरावर टेकली आहे, तिथं माणसाचं पाऊल पडणं शक्यच नाही. दोनदा हे लोक अर्ध्यातून परतले. तिसऱ्या खेपेला ऑक्टोबरात माथ्यावर पोचले. अबोव्याननं तिथं बर्फ खणून लाकडी क्रूस रोवला आणि बर्फाचा एक तुकडा बरोबर घेतला. उतरेपर्यंत त्याचं पाणी झालं, ते त्यानं तीर्थासारखं बाटलीत जपलं. आणि गंमत बघा, एवढं करून खाली आल्यावर ते खरोखर वर गेले होते हेच पुष्कळांना पटेना!

पारोटनी या पोरात काहीतरी हेरलं होतं. त्यांनी खटपट करून त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली. १८३० ते १८३६ अबोव्यान डोरपाटला शिकला. गाव अजब होतं. राज्य रशियन झारचं, विद्यापीठाची भाषा जर्मन, आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची एस्टोनियन, जिला उच्चभ्रूंच्या लेखी किंमत नव्हती. इकडे त्याच्या मायदेशी आर्मेनियन पुस्तकं लिहिली जात ती ‘ग्राबार’मध्ये, म्हणजे पंडिती भाषेत, जी बाजारात कुणी बोलत नव्हतं. आपल्याला हे नवीन नाही. संस्कृत सोडून मराठीत लिहिणाऱ्यांचं काय झालं ते आपण जाणतो. परत गेल्यावर अबोव्याननं मुलांसाठी अंकलिपी लिहिली, आणि १८४१ मध्ये आपल्या कानाकेर गावच्या बोलीत कादंबरी. ती छापून आली १८५८ साली. तोवर लेखकच नव्हता. १८४८ च्या एका सकाळी तो घरातून बाहेर पडला, तो परतलाच नाही. काय झालं, आजतागायत कळलेलं नाही.

त्याच्यामागून आणखी मुलं डोरपाटला आली. त्यांतल्या स्तेपानोस नाझारियाननं १८५८ साली मॉस्कोत मासिक काढलं. नाव ठेवलं ‘ह्युसिसापाइल’, उत्तरेकडचा ध्रुवप्रकाश. त्याचा सहकारी मिकाएल नालबांद्यान पुढे कलकत्त्याला आला होता, एका आर्मेनियन व्यापाऱ्यानं आपल्या गावच्या लोकांसाठी ठेवलेली इस्टेट सोडवायला. माघारी गेल्यावर १८६२ मध्ये झारच्या पोलिसांनी त्याला पकडलं. आर्मेनियाचं आजचं राष्ट्रगीत त्याच्याच कवितेवरून घेतलेलं आहे.

मग मधली ऐंशीएक वर्षं सोडून देतो, कारण आज एस्टोनियात असलेले आर्मेनियन या विद्यार्थ्यांचे वंशज नव्हेत. बहुतेक सोव्हिएत काळात आले. कुणाची लष्करात बदली, कुणाला कारखान्यात नोकरी, कुणाचं लग्न. त्यात १९८८ साली अझरबैजानातल्या सुमगाईतमध्ये आर्मेनियनांची कत्तल आणि डिसेंबरात आर्मेनियातल्या स्पिताकचा भूकंप, १९९० साली अझरबैजानच्या बाकूत आर्मेनियनांविरुद्ध हिंसा. उखडलेली माणसं ओळखीच्यांकडे सरकली. संख्या आजही हजार-दोन हजारांच्या घरातच आहे.

पण १९९१ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला, तेव्हा १९४० नंतर आलेल्यांना नागरिकत्व आपोआप मिळालं नाही. एस्टोनियनची परीक्षा द्या, मग बघू. तोवर कुठल्याच देशाचे नसलेल्यांसाठी करडा पासपोर्ट. यात अन्याय होता का? एस्टोनियनांच्या बाजूनं पाहिलं तर पन्नास वर्षं रशियनच्या दडपणाखाली काढलेल्यांची ती धडपड होती. आर्मेनियन माणूस मात्र विचित्र कात्रीत सापडला. तो रशियन नव्हता, पण इथं त्याची व्यवहाराची भाषा रशियनच होती.

त्याची नातवंडं आता शाळेत एस्टोनियन बोलतात, आजी रागावते ती रशियनमध्ये, आणि रविवारच्या वर्गात ‘आयब, बेन, गिम’ ही आर्मेनियन अक्षरं गिरवतात. अबोव्याननंही अंकलिपी लिहिली ती याच अक्षरांची.