लंडनमधला एक दिवस आणि त्याचं टिपण

(परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर सातारा येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अभ्यास-सहलीचा दिवस फसतो तो बहुधा यादी करतानाच. टॉवर ब्रिज, राजवाडा, दोन संग्रहालयं, वर खरेदी. मग संध्याकाळी चर्चेला बसल्यावर 'छान होतं, खूप शिकायला मिळालं' यापलीकडे कुणी जात नाही. म्हणून दिवसाला एकच विषय धरा आणि ठिकाणं तीनच ठेवा.

साताऱ्याच्या मुलांना विषय शोधायची गरज नाही. १८३९ साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये डलहौसीने राज्यच खालसा केलं. तरी रंगो बापूजी १८५३ पर्यंत तिथे चिकाटीने भांडत राहिले. ते कुठे भांडले, तिथून सुरुवात करा.

कंपनीची कचेरी लेडनहॉल स्ट्रीटवर होती. जवळचं भुयारी रेल्वेचं स्टेशन 'बँक' नावाचं. ती इमारत १८६१ च्या सुमारास पाडली; त्या जागी आज लॉइड्स या विमा-बाजाराची, नळ आणि जिने बाहेर काढलेली, १९८६ ची पोलादी इमारत आहे. कंपनीचं तिथे काहीच दिसत नाही. म्हणून जुन्या कचेरीचं चित्र फोनमध्ये घेऊन जा, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ताडून बघा. पंधरा मिनिटं पुरे. रविवारी जाऊ नका. तो सगळा भाग कचेऱ्यांचा, सुट्टीच्या दिवशी चहाचीसुद्धा पंचाईत होते.

तिकिटाचं एक सांगतो. भुयारी रेल्वेच्या स्टेशनात शिरताना ज्या बँक-कार्डाने टॅप केलं, त्याच कार्डाने बाहेर पडताना करायचं. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना फोन वापरला, तर खातं तेच असलं तरी यंत्र ते दोन वेगळे प्रवास धरतं आणि दोन्हींना जास्तीत जास्त भाडं लागतं. दोघांत एक कार्डही चालत नाही.

पुढे मॉन्युमेंट स्टेशनवरून डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनने थेट साउथ केन्सिंग्टन. तिथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, प्रवेश फुकट. कंपनीने आपल्या कचेरीत जमवलेल्या वस्तू १८७९ मध्ये वाटल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच इथे आल्या. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणहून लुटून नेलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ त्यांतलाच. मात्र दालनं दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद असतात. निघण्याआधी संकेतस्थळावर दालन उघडं आहे का आणि वस्तू मांडलेली आहे का, हे दोन्ही बघून घ्या.

आता वही. पानावर तीन उभे रकाने आखा: डोळ्यांना काय दिसलं, पाटीवर काय लिहिलंय, कुणी काय सांगितलं. सगळी खुबी हे तीन वेगळे ठेवण्यात आहे. उदाहरण तुमच्या गावचंच घेऊ. जुलै २०२४ मध्ये याच संग्रहालयातली वाघनखं इथल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तुमच्यापैकी कित्येकांनी रांगेत उभं राहून ती पाहिली. पहिल्या रकान्यात येईल पोलादी पट्टी, तिच्यावरची वाकडी नखं, बोटांत अडकवायच्या कड्या. दुसऱ्यात येईल वाघनखांसोबतच्या पेटीवरचा मजकूर: याने शिवाजीराजांनी मोगल सरदाराला मारलं, आणि ही वस्तू साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, असताना जेम्स ग्रँट डफला मिळाली. थांबा. अफझलखान मोगलांचा कुठला? तो तर आदिलशाहीचा! म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याला प्रसंगाची धड माहिती नव्हती. संग्रहालय स्वतःही म्हणतं की हीच ती वाघनखं, याची खातरजमा झालेली नाही. आणि ग्रँट डफ रेसिडेंट झाला १८१८ मध्ये, प्रतापगडानंतर जवळजवळ १६० वर्षांनी. तिसरा रकाना, वाटाड्या आणि शेजारचा प्रेक्षक सांगतो तो, भरायला वेळ लागत नाही. पण त्यातलं वाक्य दुसऱ्या रकान्यात घुसलं की टिपण बिघडलं.

फोटो काढताना आधी वस्तू, लगेच तिची पाटी. पाटीवरचा नोंदणी क्रमांक वहीत उतरवाच. रात्री संकेतस्थळावर त्याच क्रमांकाने शोधलं की वस्तू कुणाकडून आली तेही बहुतेक वेळा सापडतं. पाटीविना चाळीस फोटो म्हणजे नुसता पसारा.

तिथून पिकॅडिली लाइनने किंग्ज क्रॉस, ब्रिटिश लायब्ररी. कंपनीच्या कारभाराची दफ्तरं इथे आहेत. पण वाचक-ओळखपत्राशिवाय वाचनकक्षात सोडत नाहीत आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात ते आधी संकेतस्थळावर बघून घ्या, नाहीतर हात हलवत परत याल. आत शाईचं पेन नाही, पेन्सिलच. पाण्याची बाटली आणि पिशवी बाहेर लॉकरमध्ये. आणि दफ्तर त्याच दिवशी हाती येईल असं धरू नका. पहिल्या भेटीत ओळखपत्र आणि सूची एवढंच साधलं तरी पुष्कळ.

चर्चेला सहा-सात जण, पाऊण तास. प्रत्येकाने आपलं मत आणू नये, एक वस्तू आणि एक प्रश्न आणावा. 'लूट परत द्यावी का?' या प्रश्नावर मुलं लगेच दोन तट पाडून ओरडतात. 'ही वस्तू लूट, भेट की खरेदी, आणि हे कशावरून?' असं विचारलं की वह्या उघडतात. इंग्रज विद्यार्थी बरोबर असतील तर खालसा म्हणजे काय हे त्यांना बहुधा पहिल्यापासून सांगावं लागेल. दोन वाक्यं तयार ठेवा.

शेवटी श्रोत्यांमधून प्रश्न आला: टिपण मराठीत लिहावं की इंग्रजीत? मराठीत लिहा, भरभर लिहून होतं. फक्त पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवा. शिवाजीराजांचं आणि साताऱ्याचं नाव जुन्या कागदांत चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, सूचीत शोधताना त्या चारही लागतात.